छायाचित्रातले न दिसणारे चेहरे

(इवो जिमा बेटावरील ध्वजारोहणाच्या जगप्रसिद्ध छायाचित्राची जन्मकथा आणि त्यातील सैनिकांच्या ओळखीचा प्रदीर्घ शोध, या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



एका उजाड टेकडीच्या माथ्यावर सहा सैनिक राष्ट्रध्वज उभारीत आहेत. ध्वजाची काठी अजून तिरपी आहे, वाऱ्याने वस्त्र नुकतेच उलगडू लागले आहे. एक जण काठीच्या बुंध्याशी ओणवा होऊन तिला जमिनीत रोवतो आहे. सर्वांत मागचा दोन्ही हात उंचावून उभा आहे, पण काठी त्याच्या हातून निसटून वर गेली आहे. दुसऱ्या महायुद्धाचे हे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी शालेय पुस्तकांत, नियतकालिकांत वा चित्रपटांत पाहिले असेल. मात्र त्यातील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या सहांपैकी एकाचाही चेहरा धड दिसत नाही.

या एका गोष्टीतून पुढचा सारा इतिहास घडला. छायाचित्र एका क्षणात घेतले गेले; त्यातील सहा माणसे कोण, हे निश्चित व्हायला ७४ वर्षे लागली. त्या अवधीत दोन माणसे स्वतः त्या चित्रात नसताना राष्ट्रवीर म्हणून गौरविली गेली, आणि दोन माणसे चित्रात असूनही आयुष्यभर गप्प राहिली. राष्ट्रप्रतीक आणि सत्य यांचे नाते कसे असते, याचा विचार करणाऱ्याने ही कथा मुळापासून समजून घेण्यासारखी आहे.

गंधकाचे बेट

इवो जिमा या नावाचा अर्थच 'गंधकाचे बेट'. टोकियोच्या दक्षिणेस सुमारे १,२०० किलोमीटरवर प्रशांत महासागरात असलेले हे बेट क्षेत्रफळाने जेमतेम २१ चौरस किलोमीटर. काळी ज्वालामुखीय राख, जमिनीतून निघणाऱ्या गंधकाच्या वाफा आणि दक्षिण टोकाला १६९ मीटर उंचीचा सुरिबाची पर्वत. असे ओसाड बेट कोणाला का हवे असावे? कारण मारियाना बेटांवरून जपानवर बॉम्बफेक करण्यास निघणाऱ्या अमेरिकेच्या बी-२९ विमानांच्या वाटेवर ते जवळजवळ मध्यावर होते. तेथील जपानी धावपट्ट्या हाती आल्या, तर जखमी विमानांना उतरायला जागा मिळणार होती आणि लढाऊ विमानांना तळ मिळणार होता.

बेटाचे रक्षण लेफ्टनंट जनरल तादामिची कुरिबायाशी या सेनानीकडे होते. ते पूर्वी अमेरिकेत राहिलेले असल्याने त्या देशाची शक्ती जाणून होते. आपल्याला मदत मिळणार नाही आणि आपण परत जाणार नाही, हे उमजूनच त्यांनी व्यूह रचला. किनाऱ्यावर धावून जाऊन प्राण देण्याची रूढ पद्धत त्यांनी नाकारली. सुमारे २१,००० सैनिकांच्या बळावर त्यांनी बेट आतून पोखरून काढले. भुयारांची लांबी सुमारे १८ किलोमीटर भरली. शत्रूला किनाऱ्यावर येऊ द्यायचे आणि मग जमिनीच्या पोटातून मारा करायचा, अशी ती योजना होती.

१९ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकेच्या मरीन कोअरचे, म्हणजे जहाजांवरून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या दलाचे, सैनिक बेटावर उतरले. पहिल्याच दिवशी सुमारे ३०,००० सैनिक किनाऱ्यावर आले. भुसभुशीत राखेत पाय घोट्यापर्यंत रुतत होते, खंदक खणावा तर राख पुन्हा आत ओघळत होती. किनारा माणसांनी आणि यंत्रांनी गजबजल्यावर कुरिबायाशींच्या तोफांनी तोंडे उघडली. सुरिबाचीच्या माथ्यावरून तो सारा किनारा तळहातासारखा दिसत होता. म्हणून पहिले उद्दिष्ट होते तो पर्वत.

एका सकाळी दोन ध्वज

चार दिवसांच्या झुंजीनंतर, २३ फेब्रुवारीच्या सकाळी, २८व्या मरीन रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनची ४० जणांची तुकडी लेफ्टनंट हॅरल्ड श्रायर यांच्या नेतृत्वाखाली माथ्याकडे निघाली. बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल चँडलर जॉन्सन यांनी त्यांच्याबरोबर एक लहान ध्वज दिला होता. माथ्यावर जपान्यांनी टाकलेली पाण्याची लोखंडी नळी सापडली. तिलाच ध्वज बांधून साडेदहाच्या सुमारास तो उभारण्यात आला. खाली किनाऱ्यावर लढणाऱ्या सैनिकांनी तो पाहिला, जयघोष झाला, समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांनी भोंगे वाजविले. त्या बेटावरचे खरे पहिले ध्वजारोहण ते हेच.

त्याचेही छायाचित्र आहे. सैन्याच्या 'लेदरनेक' या मासिकाचे छायाचित्रकार सार्जंट लुईस लॉवरी त्या तुकडीबरोबर होते. भोंग्यांचा आवाज ऐकून गुहांतून बाहेर आलेल्या जपानी सैनिकांशी झालेल्या चकमकीत लॉवरी उतारावरून गडगडले आणि त्यांचा कॅमेरा मोडला. सुदैवाने फिल्म वाचली. दुसरा कॅमेरा आणण्यासाठी ते पर्वत उतरू लागले.

त्या वेळी अमेरिकेचे नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल किनाऱ्यावर उपस्थित होते. हा ध्वज आपल्याकडे असावा अशी त्यांनी इच्छा व्यक्त केल्याची हकिकत सांगितली जाते. जॉन्सन यांना ते रुचले नाही. ज्या बटालियनने रक्त सांडून तो वर नेला, त्या बटालियनचाच तो, अशी त्यांची भूमिका होती. शिवाय दुरूनही दिसेल असा मोठा ध्वज माथ्यावर असावा, असेही ठरले. किनाऱ्याला लागलेल्या एका जहाजावरून दुसरा ध्वज मिळाला. त्याची लांबी सुमारे आठ फूट, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होती. रेने गॅग्नॉन या तरुण निरोप्याकडे तो सोपविण्यात आला. सार्जंट मायकेल स्ट्रँक, हार्लन ब्लॉक, फ्रँकलिन साउस्ली आणि आयरा हेज हे दूरध्वनीची तार टाकण्यासाठी वर जात होते. गॅग्नॉन त्यांच्याबरोबर निघाला.

थोडक्यात, जगाने पाहिले ते दुसरे ध्वजारोहण. त्या सैनिकांच्या दृष्टीने ते दिवसभराच्या कामांपैकी एक काम होते. लहान ध्वज उतरवून मोठा लावायचा, इतकेच. आजूबाजूचे सैनिक तिकडे लक्षही देत नव्हते. आणि याच साध्या कामातून एका राष्ट्राचे प्रतीक जन्मास आले.

एका सेकंदाचा चारशेवा भाग

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार जो रोझेन्थाल हे अधू दृष्टीमुळे सैन्यभरतीत नाकारले गेले होते. म्हणून ते कॅमेरा घेऊन युद्धावर आले. त्या दिवशी बिल जेनॉस्ट आणि बॉब कॅम्पबेल या दोन मरीन छायाचित्रकारांसह ते पर्वत चढत असता वाटेत लॉवरी भेटले. ध्वज केव्हाच लागला आहे, त्याचे छायाचित्रही झाले आहे, पण वरून देखावा चांगला दिसतो, असे त्यांनी सांगितले. तिघे परत फिरले असते तर आज या विषयावर बोलण्यासारखे काहीच उरले नसते. ते चढत राहिले.

माथ्यावर पोहोचल्यावर दुसरा ध्वज लोखंडी नळीला बांधला जात असल्याचे दिसले. रोझेन्थाल उंचीने ठेंगणे. समोरचे नीट दिसावे म्हणून त्यांनी दगड आणि वाळूची पोती रचून त्यांवर उभे राहण्याची तजवीज केली. शेजारी जेनॉस्ट रंगीत चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन उभा होता. आपण मध्ये तर येत नाही ना, अशी त्या दोघांत विचारणा चालली असतानाच काठी उचलली गेली. रोझेन्थाल यांनी वळून कळ दाबली. झडप सेकंदाच्या चारशेव्या भागापुरती उघडली. चित्र मिळाले की हुकले, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी नंतर ध्वजाभोवती सैनिकांना गोळा करून, शिरस्त्राणे आणि बंदुका उंचावायला लावून, आणखी एक छायाचित्र घेतले.

फिल्म विमानाने ग्वाम बेटावर गेली. तेथे ती धुऊन चित्र पाहताच वृत्तसंस्थेच्या संपादकाने त्याचे मोल ओळखले. मूळचे आडवे चित्र दोन्ही बाजूंनी कापून उभे करण्यात आले आणि रेडिओ-लहरींद्वारे अमेरिकेत धाडण्यात आले. २५ फेब्रुवारी १९४५ च्या रविवारी ते देशभरातील दैनिकांच्या पहिल्या पानांवर होते. रोझेन्थाल यांनी स्वतः ते तोपर्यंत पाहिलेलेही नव्हते.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. हे छायाचित्र बनाव करून घेतले, असा प्रवाद आजही ऐकू येतो. त्याचा उगम एका गैरसमजात आहे. रोझेन्थाल ग्वामला पोहोचल्यावर कोणी त्यांना विचारले, की चित्र सैनिकांना उभे करून घेतले काय? विचारणाऱ्याच्या मनात ध्वजारोहणाचे चित्र होते. रोझेन्थाल यांना वाटले, की प्रश्न नंतरच्या समूहचित्राविषयी आहे. ते 'होय' म्हणाले. त्या एका 'होय'ने त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरविला. जेनॉस्टच्या चलच्चित्राने मात्र निःसंशय सिद्ध केले, की काठी उचलण्यापासून ती सरळ होईपर्यंत सारी क्रिया एका ओघात, काही क्षणांत घडली. कोणी कोणाला थांबायला सांगितले नव्हते. याच वर्षी मे महिन्यात बर्लिनच्या राइखस्टागवर सोव्हिएत ध्वज फडकवितानाचे येव्हगेनी खाल्देई यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. ते प्रसंगानंतर दोन दिवसांनी मुद्दाम जुळवून घेतलेले होते आणि त्यात नंतर हातानेही फेरफार केला गेला. इवो जिमाच्या चित्रातील क्षण खरा होता. चूक झाली ती चित्राखाली लिहिलेल्या नावांत.

चित्र पुढे, युद्ध मागे

ध्वज लागला म्हणून युद्ध संपले नव्हते. ते आणखी एक महिन्याहून अधिक चालले. १ मार्च रोजी सार्जंट स्ट्रँक धारातीर्थी पडला. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला हा मुलगा सहांमध्ये वयाने आणि हुद्द्यानेही वडील होता. त्याच दिवशी काही तासांनी हार्लन ब्लॉक पडला. दुसऱ्या दिवशी बटालियनप्रमुख जॉन्सन ठार झाले. ४ मार्चला जेनॉस्ट एका गुहेत शिरला, तो परतला नाही. त्याचे अवशेष आजवर सापडलेले नाहीत. आपण टिपलेले चित्र पडद्यावर पाहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. २१ मार्चला साउस्ली गेला. २६ मार्च रोजी बेटावरची लढाई संपली, तेव्हा अमेरिकेचे सुमारे ६,८०० सैनिक मृत आणि १९,००० हून अधिक जखमी झाले होते. जपान्यांच्या २१,००० पैकी लढाई चालू असता जिवंत हाती लागले ते अवघे २१६. हजारो जपानी सैनिकांचे अवशेष आजही त्या राखेखाली आहेत. ज्या दिवशी वृत्तपत्रांनी विजयाचे चित्र छापले, त्या दिवशी मरणाऱ्यांपैकी बहुसंख्य अजून जिवंत होते, हे स्मरणात ठेवले पाहिजे.

चुकीची नावे कशी रूढ झाली

अमेरिकेच्या तिजोरीला त्या वेळी पैशाची निकड होती. सातव्या युद्धकर्जासाठी १४ अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले होते आणि या छायाचित्राइतके प्रभावी आवाहन दुसरे नव्हते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आज्ञेने चित्रातील सैनिकांना मायदेशी बोलाविण्यात आले. पण ते होते कोण? चेहरे दिसत नाहीत, साथीदार मरत आहेत, युद्ध चालू आहे. गॅग्नॉनला प्रथम परत आणून त्याच्याकडून नावे घेण्यात आली. त्याने स्वतःसह स्ट्रँक, साउस्ली, हेन्री हॅन्सन आणि नौदलाचा शुश्रूषक जॉन ब्रॅडली यांची नावे सांगितली. सहावे नाव सांगण्यास तो तयार नव्हता. कारण त्या सहाव्याने, आयरा हेजने, आपले नाव उघड न करण्याबद्दल त्याला बजावले होते. अखेर अधिकाऱ्यांच्या आग्रहापुढे ते नावही बाहेर आले.

स्ट्रँक, साउस्ली आणि हॅन्सन हयात नव्हते. उरलेल्या तिघांना गावोगावी फिरविण्यात आले. मैदाने भरली, मिरवणुका निघाल्या आणि १४ अब्जांच्या जागी २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. राष्ट्रकार्य साधले, यात शंका नाही. परंतु त्या घाईत लिहिली गेलेली यादी चुकीची होती.

हेजला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. तो अ‍ॅरिझोनातील पिमा जमातीचा आदिवासी तरुण. काठीच्या बुंध्याशी ओणवा झालेला सैनिक हॅन्सन नसून आपला मित्र हार्लन ब्लॉक आहे, हे त्याने अधिकाऱ्याला सांगितले. नावे जाहीर झाली आहेत, आता गप्प राहा, असे त्याला उत्तर मिळाले. इकडे टेक्सासमध्ये ब्लॉकच्या आईने वृत्तपत्रातील चित्र पाहताच हा आपला हार्लन, असे म्हटले होते. घरातील कोणाचा विश्वास बसला नाही. चित्रात केवळ पाठ दिसत होती. पण आईने मुलाला पाठमोरा ओळखण्यासाठी कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली, हेज आपल्या वस्तीतून निघाला. येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनचालकांच्या मेहेरबानीने वाट काढीत, दोन हजारांहून अधिक किलोमीटर तुडवून तो टेक्सासमध्ये ब्लॉकच्या वडिलांच्या शेतावर पोहोचला. चित्रात तुमचा मुलगा आहे, एवढे सांगितले आणि परत फिरला. या भेटीमुळे चौकशी झाली आणि जानेवारी १९४७ मध्ये पहिली दुरुस्ती झाली. हॅन्सनच्या जागी ब्लॉकचे नाव आले. हॅन्सन हा पहिल्या, खऱ्या ध्वजारोहणात सहभागी होता, ही गोष्ट त्या गोंधळात मागे पडली.

हेजला मात्र स्वस्थता लाभली नाही. ज्यांनी प्राण दिले ते खरे वीर, आपण नव्हे, हे त्याचे शल्य होते; आणि लोक तर त्यालाच हारतुरे घालीत होते. त्या ओझ्याखाली तो व्यसनात बुडाला. १० नोव्हेंबर १९५४ रोजी आर्लिंग्टन येथे या छायाचित्रावरून घडविलेल्या भव्य कांस्यशिल्पाचे अनावरण राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या उपस्थितीत झाले, तेव्हा हेज तेथे होता. त्यानंतर अडीच महिन्यांतच, २४ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्याचा अंत झाला. राष्ट्र वीराला प्रतीक बनविते, तेव्हा त्या माणसाचे काय होते, याची विचारपूस करणेही राष्ट्राचेच कर्तव्य असते.

तपशिलाने दिलेली साक्ष

यानंतर सुमारे ७० वर्षे यादी तशीच राहिली. तिच्यावर पुस्तके लिहिली गेली, चित्रपट निघाले. जॉन ब्रॅडली यांचे पुत्र जेम्स ब्रॅडली यांनी २००० साली लिहिलेल्या ग्रंथाला अफाट लोकप्रियता लाभली. त्यावरून क्लिंट ईस्टवूड यांनी २००६ साली चित्रपट काढला.

या यादीला धक्का दिला तो हौशी अभ्यासकांनी. एक अमेरिकेतील ओमाहाचा, दुसरा आयर्लंडचा. त्यांनी त्या सकाळची उपलब्ध असलेली सर्व छायाचित्रे आणि जेनॉस्टचे चलच्चित्र समोर ठेवून बारीकसारीक गोष्टी पडताळल्या. ब्रॅडली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सैनिकाची विजार खाली मोकळी आहे. त्या दिवसाच्या अन्य छायाचित्रांत ब्रॅडलीने ती दुमडलेली दिसते. त्याच्या कमरेला रायफलच्या काडतुसांचा पट्टा आहे; शुश्रूषकाजवळ तो असण्याचे कारण नाही. दुसऱ्या एका सैनिकाच्या शिरस्त्राणाचा पट्टा विशिष्ट तऱ्हेने लोंबतो आहे. चेहरे लपले होते, पण पट्टे, बुटांवरच्या विजारी आणि शिरस्त्राणे साक्ष देत होती. २०१४ साली हे संशोधन वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले.

मरीन कोअरने काय करावे? प्रतीकाला धक्का लागतो म्हणून दुर्लक्ष करणे सोपे होते. तसे झाले नाही. अधिकृत समिती नेमली गेली आणि जून २०१६ मध्ये जाहीर करण्यात आले, की चित्रात जॉन ब्रॅडली नाही. त्याच्या ठिकाणी मानलेला सैनिक साउस्ली असून साउस्लीच्या जागचा सैनिक हॅरल्ड शुल्ट्झ आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये, पुढील संशोधन आणि अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या प्रयोगशाळेची पडताळणी यांनंतर, दुसरी घोषणा झाली. गॅग्नॉनही चित्रात नाही. तो कॉर्पोरल हॅरल्ड केलर आहे. केलरच्या डाव्या हातातील लग्नाची अंगठीही त्याची ओळख पटविण्यास उपयोगी पडली.

आता यादी अशी आहे: स्ट्रँक, ब्लॉक, साउस्ली, हेज, शुल्ट्झ आणि केलर.

मौन राखणारे

शुल्ट्झ आणि केलर कोण होते? शुल्ट्झ त्याच लढाईत जखमी झाला, परतल्यावर लॉस एंजेलिसच्या टपाल कार्यालयात नोकरी करून निवृत्त झाला आणि १९९५ साली वारला. एकदाच, घरात जेवताना बोलण्याच्या ओघात, त्याने आपण त्या ध्वजारोहणात होतो असे म्हटले. मग तुम्ही वीर आहात, असे कुटुंबीय म्हणाल्यावर त्याचे उत्तर होते, की तसे काही नाही, आपण एक मरीन सैनिक होतो. केलर आयोवा राज्यातील आपल्या गावी परतला आणि १९७९ साली निवर्तला. आपला पिता त्या चित्रात आहे, हे त्याच्या मुलांनाही ठाऊक नव्हते.

आणि ज्यांची नावे वगळली गेली, त्यांचे काय? त्यांना लबाड ठरविणे अन्यायाचे होईल. ब्रॅडली पहिल्या ध्वजारोहणात खरोखर सहभागी होता. त्याआधी दोनच दिवस, २१ फेब्रुवारीला, भडिमारात धावून जाऊन जखमींवर उपचार केल्याबद्दल त्याला 'नेव्ही क्रॉस' हे उच्च शौर्यपदक मिळाले होते. ते पदक कोणत्याही छायाचित्रावर अवलंबून नव्हते. घरी परतल्यावर तो या विषयावर बोलेनासा झाला. वार्ताहरांचे दूरध्वनी आले, की वडील मासेमारीला गेले आहेत असे सांगण्याची त्याने मुलांना ताकीद दिली होती. गॅग्नॉनने मोठा ध्वज वर नेला आणि ऐतिहासिक पहिला ध्वज सुरक्षित खाली आणला. तेवढे श्रेय निर्विवाद त्याचे आहे. आज ते दोन्ही ध्वज व्हर्जिनियातील मरीन कोअरच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत.

रोझेन्थाल यांना १९४५ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. पण चित्राविषयी विचारले, की आपण केवळ चित्र घेतले, बेट मात्र मरीन सैनिकांनी घेतले, अशा आशयाचे ते बोलत. २००६ साली, ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे पाहताना

त्याच महायुद्धात, इवो जिमाची लढाई संपून दोन आठवडे होताच, ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचा एक शिपाई लढत होता. त्याचे नाव नामदेव जाधव, आणि तोही गॅग्नॉनसारखा निरोप्याच. आपल्या दोन जखमी सोबत्यांना त्याने एकेक करून, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग एकट्याने शत्रूची यंत्रतोफांची तीन ठाणी निकालात काढली. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब वापरले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना पुढे बोलाविले. त्याला 'व्हिक्टोरिया क्रॉस' मिळाला. तथापि त्या बांधावर कोणी रोझेन्थाल उभा नव्हता. महाराष्ट्रातील किती घरांतील मुलांना आज हे नाव सांगता येईल?

पराक्रम छायाचित्रामुळे घडत नाही. छायाचित्रामुळे तो दिसतो, एवढेच. म्हणून ज्या पराक्रमाचे छायाचित्र नाही, त्याची नोंद ठेवण्याची जबाबदारी समाजावर अधिक येते. आणि नोंद ठेवायची तर ती खरी ठेवली पाहिजे. आपल्या वीरांविषयी ऐकीव गोष्टींत भर घालून त्यांचे माहात्म्य वाढत नाही. उलट अतिशयोक्तीचा एक धागा उसवला, की लोक उरलेल्या सत्यावरही शंका घेऊ लागतात. गावातील हुतात्म्याचे नाव, त्याची पलटण, तो पडला ती जागा आणि दिवस, त्याच्या सोबत्यांच्या आठवणी, हे सारे जाणती माणसे हयात आहेत तोवर टिपून ठेवणे, पत्रे आणि छायाचित्रे जपणे आणि छायाचित्राच्या मागे नावे लिहिणे, हे काम कोणत्याही तरुणाला करता येण्याजोगे आहे. ब्लॉकला न्याय मिळाला तो एका मित्राने एवढी वाट तुडविली म्हणून. शुल्ट्झ आणि केलर यांना तो मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, अनोळखी अभ्यासकांच्या चिकाटीमुळे.

राष्ट्रप्रेम आणि सत्यनिष्ठा यांत विरोध आहे, असे मानणाऱ्यांना इवो जिमाची कथा उत्तर देते. दोन वेळा नव्हे, तीन वेळा यादी बदलली. त्यामुळे ध्वज खाली आला नाही, चित्राचे तेज उणावले नाही, सैन्याची प्रतिष्ठा घटली नाही. आपली चूक आपणच जाहीर करणाऱ्या संस्थेवर लोकांचा विश्वास दृढच होतो.

आर्लिंग्टनच्या त्या कांस्यशिल्पाच्या चौथऱ्यावर सोनेरी अक्षरांत मरीन कोअरच्या मोहिमांची नावे कोरलेली आहेत. अर्पणपत्रिका आहे ती १० नोव्हेंबर १७७५ पासून देशासाठी प्राण वेचलेल्या त्या दलाच्या सर्व सैनिकांना. ध्वज उभारणाऱ्या सहांपैकी कोणाचेही नाव तेथे कोरलेले नाही. म्हणूनच २०१६ आणि २०१९ मध्ये यादी बदलली, तेव्हा त्या शिळेवरचे एकही अक्षर बदलावे लागले नाही.